वेचणीच्या दिवसांतला अंतिम सामना

असोद्याच्या रस्त्यावरच्या बाभळींना पुन्हा कापूस लागला आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे बाभळीला कापूस लागत नाही एवढं मला कळतं. वेचलेला कापूस टेम्पोत पायाने दाबून दाबून भरतात, वर ताडपत्री नावाला बांधतात, आणि टेम्पो कडेच्या फांद्यांना घासत गेला की पुंजके काट्यांना अडकून राहतात. दसरा उलटला की हे दृश्य सुरू होतं आणि दिवाळीपर्यंत वाढत जातं. इतकी वर्षं मला ते बघायला आवडायचं. गेली तीन वर्षं मात्र मी या दिवसांत कॉलेजला जाताना लांबच्या रस्त्याने जात होते. पेट्रोल जास्त जातं, सिग्नल दोन जास्त लागतात, तरी जात होते.

यंदा टाळून उपयोग नव्हता. चार दिवसांपूर्वी आमच्या क्रीडा विभागाच्या सरांनी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर एक फॉर्म ठेवला. मुलींचा फुटबॉल, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. सोळा चौकोन, सोळा फोटो. विद्यापीठाने आमच्या कॉलेजच्या फुटबॉलवर घातलेली तीन वर्षांची बंदी संपली आहे. सर म्हणाले, "मॅडम, मुलींसोबत बाईमाणूस पाहिजे, नियमच आहे. तुम्हाला अनुभव आहे. तुम्हीच चला." अनुभव आहे हे त्यांनी सरळ मनाने म्हटलं, पण माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. फॉर्मच्या तळाशी एक ओळ छापलेली आहे: वरील सर्व खेळाडूंची ओळख मी स्वतः पटवून घेतली आहे. त्याखाली सहीची जागा. फॉर्म मी ड्रॉवरमध्ये टाकला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. वास्तविक आमच्या स्टाफरूममधून कुणी खडूही चोरून नेत नाही.

मी फुटबॉलमध्ये कशी आले ते सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं ही बाई खेळाडू असणार. मी आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नाही. धुळ्याला देवपुरात वाढले, शाळेत लंगडीतसुद्धा पहिली बाद व्हायचे. पण मुलींचा संघ बाहेर न्यायचा तर सोबत बाई प्राध्यापक लागते, आणि ज्या बाईची मुलं मोठी झालीत, जिला सांधेदुखी अजून लागलेली नाही आणि जी प्राचार्यांना नाही म्हणत नाही, तिच्या गळ्यात ते पडतं. आमच्या कॉलेजात तिन्ही अटी मीच पुऱ्या करत होते. पहिल्या वर्षी मी मैदानाच्या कडेला छत्री घेऊन बसून पेपर तपासायचे. दुसऱ्या वर्षी पेपर मागे पडायला लागले. तिसऱ्या वर्षी मी पंचाशी भांडले, आणि ज्या गोष्टीवरून भांडले ती चुकीची निघाली. मुली आठवडाभर माझी नक्कल करत होत्या.

मी सांगतेय तो, तीन वर्षांपूर्वीचा, हंगाम माझा चौथा. बारा मुलींचा संघ. त्यातल्या पाच शेजारच्या असोदा गावच्या, बाकीच्या जळगावातल्या. असोद्याच्या पाचही जणी त्या दिवसांत दिवस उजाडायच्या आत वेचणीला जायच्या. दव असेपर्यंत कापूस ओला, म्हणून काही शेतकरी उशिरा बोलावतात, पण ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं, असा सगळ्यांचा हिशेब. दहाच्या बसने कॉलेज, चारला मैदान. कवितासुद्धा त्यांच्यातलीच. ती शेवटच्या वर्षाला, संघाची कर्णधार आणि गोलकीपर. तिच्या बोटांची टोकं बघितली की माझं तोंड वाकडं व्हायचं. कापसाचं बोंड फुटतं तेव्हा त्याच्या पाकळ्या वाळून सुयांसारख्या होतात, त्या नखाच्या बाजूला टोचतात, आणि रोज त्याच जागी टोचतात. त्यावर ती गोलकीपरचे हातमोजे चढवायची. मी विचारलं, दुखत नाही का. ती म्हणाली, "घाम आला की चुनचुन करते मॅडम. बॉल आला की इसरून जाते."

पहिला पाऊस झाला की पेरणी, गणपतीत फवारणी, दसऱ्याला पहिली वेचणी. या वेळापत्रकात विद्यापीठाने आपल्या स्पर्धा अशा बसवल्या आहेत की त्या कोणत्या गावात बसून ठरवतात हा प्रश्न पडावा. पण मुली तक्रार करायच्या नाहीत. वेचणीत एक रीत आहे, ती मला कवितानेच सांगितली होती, मैदानावर बुटाच्या नाड्या बांधता बांधता. टोळी ठरते तेव्हा माणसं मोजत नाहीत, घरं मोजतात. या घरची एक, त्या घरची एक. हो म्हणतं ते घर. मग सकाळी त्या घरातली जी ठरलेली बाई आहे ती आजारी पडली, पाहुणे आले, काहीही झालं, तर तिची बहीण जाते, जाऊ जाते, सासूसुद्धा जाते. सरीच्या टोकाला उभं राहताना कुणी विचारत नाही की काल तू नव्हतीस. ओळीत जागा रिकामी राहिली तर शेजारणीवर भार पडतो, आणि ती मात्र घराची बेअब्रू. मला ही रीत फार आवडली. मी वर्गातही सांगितली, परागीभवन शिकवताना, तिचा तिथे काही संबंध नसताना.

त्या वर्षी कविताला एकच गोष्ट हवी होती. विद्यापीठाचा टी-शर्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा संपली की विद्यापीठाचा संघ निवडतात, तो दुसऱ्या राज्यात खेळायला जातो, आणि त्या मुलींना पाठीवर विद्यापीठाचं नाव असलेला निळा टी-शर्ट मिळतो. मागच्या दोन वर्षी ती राखीव यादीपर्यंत पोचून परत आली होती. या वर्षी निवड समितीतल्या एकाने उपांत्य सामना बघून आमच्या सरांना म्हटलं होतं की तुमची गोलकीपर नक्की. सरांनी ते तिला सांगायला नको होतं, पण सांगितलं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. दोन तासांत एकदाच बोलली. "मॅडम, तो टी-शर्ट परत घेत नही ना?" मी म्हटलं, नाही, तो तुमचाच होतो. तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

उपांत्य सामना शनिवारी, अंतिम सामना सोमवारी, दोन्ही देवपुरातल्या मैदानावर. सामना आमचा आणि धुळ्याच्याच एका कॉलेजचा. शनिवारी एका मुलीचा घोटा मुरगळला, म्हणजे बारातून अकरा उरल्या. सोमवारी सर कबड्डीचा संघ घेऊन दुसरीकडे गेलेले, म्हणजे मोठं माणूस मी एकटी. सोमवारी सकाळी जळगावच्या बसस्टँडवर मुली मोजल्या तर अकरा भरल्या, पण त्यातली एक मी कधी पाहिलेली नव्हती. आमची लेफ्ट बॅक नयना दिसत नव्हती, आणि नयनाची बॅग या दुसरीच्या खांद्यावर होती. साधारण तेवीस-चोवीसची, नयनापेक्षा अंगाने भरलेली, चेहरा मात्र त्याच साच्यातला.

कविता म्हणाली, "मॅडम, नयनाले रातीपासून ताप आहे. उभी राहू नही राह्यली. ही मनीषाताई, तिची मोठी बहीन. वेचनीसाठी माहेरी आली आहे."

"सोबतीला आलीय?" मी विचारलं.

कविताने मनीषाकडे बघितलं. मनीषा खाली बघत म्हणाली, "अक्का म्हने, एकीले ताप आला तं दुसरी जाईन. घर मांगे राहाले नको." अक्का म्हणजे त्यांची आई. तेवढ्यात बस लागली आणि आम्ही चढलो. पुढचे दोन तास मी स्वतःला सांगत होते की ही सोबतीला आलीय. पारोळ्याला बस थांबली तेव्हा मी मुलींना चहा पाजला आणि मनीषालाही पाजला. तिचं सासर त्याच पट्ट्यात होतं, तिने बोटाने दाखवलं, त्या झाडांच्या पलीकडे म्हणाली. त्याआधी पाच वर्षांपूर्वी तीसुद्धा आमच्याच कॉलेजात होती, फुटबॉल खेळायची, दुसऱ्या वर्षाला लग्न झालं आणि सोडलं. मी तेव्हा मॅनेजर नव्हते, म्हणून ओळख नव्हती. माझा चहा तसाच राहिला.

देवपुरातल्या त्या कॉलेजने मुलींना कपडे बदलायला तळमजल्यावरचा एक वर्ग दिला होता. फळ्यावर कुणाचं तरी अर्थशास्त्र तसंच होतं. मी दाराबाहेर उभी राहून पहारा देत होते. दार किलकिलं झालं, मनीषा बाहेर आली, अंगात पाच नंबरची जर्सी. नयनाची. ती माझ्यासमोर वाकली, मला वाटलं पाया पडतेय. तिने पायांच्या बोटांतली जोडवी ओढून काढली, एकेक करून चार, आणि माझ्या हातात दिली. "मॅडम, हे ठेवा. बुटात टोचते."

त्या क्षणाचं मी काय काय केलं आहे या तीन वर्षांत. किती वेळा तो पुन्हा उभा केला आहे आणि त्यात माझ्या तोंडी वेगवेगळी वाक्यं घातली आहेत. प्रत्यक्षात मी एकही वाक्य बोलले नाही. जोडवी गरम होती. मी पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ती टाकली आणि चेन लावली. मग पंचांच्या टेबलाशी गेले आणि अकरा नावांची यादी लिहिली. पाचव्या क्रमांकापुढे मी नयनाचं नाव लिहिलं, माझ्या स्वच्छ, वळणदार, जर्नल तपासणाऱ्या अक्षरात. ओळखपत्रांची तपासणी पहिल्या दिवशीच झाली होती. अंतिम सामन्याला कुणी चेहरे बघितले नाहीत.

का लिहिलं? दहा मुलींनी खेळता येतं, नियमात बसतं. मी तेव्हा हेही जाणत होते. पण कविता गोलच्या खांबाला हात लावून उभी होती, दोन्ही खांबांना लावून झाल्यावर तिने आडव्या दांड्याकडे बघितलं, आणि मला तो निळा टी-शर्ट दिसला. शिवाय मला त्या रीतीचं कौतुक होतं ना. घर मागे राहू नये, ओळीत जागा रिकामी राहू नये. ज्या गोष्टीचं आपण वर्गात कौतुक करतो ती आपल्या सहीखाली आली की तिचं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मैदानावर रेघा मारणारे एक म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. मुली रेघेवर पाय देत होत्या तर ते म्हणाले, "पोरीस्वन, चुना वल्ला शे, पाय नका ठेवा." माझ्या लहानपणीची बोली. मला एवढं बरं वाटलं की मी उगाच त्यांना हसून दाखवलं. सामन्याचं तेच एक सुखाचं मिनिट. बाकी सगळा वेळ मी पर्स पोटाशी धरून उभी होते. ऑक्टोबरचं ऊन, पांझरा नदीकडून येणारा वारा बंद, पलीकडे धुळ्याच्या मुलींच्या नावाने ओरडणारी शंभर-दीडशे पोरं. मनीषा खेळत होती ते मला बघवत नव्हतं आणि नजर हटतही नव्हती. तिने पहिल्याच धावेत एक मुलगी अडवली तेव्हा मला आनंद झाला आणि आनंदाची लाज वाटली. दुसऱ्या अर्ध्या भागात कविता पुढे गेली होती, चेंडू तिच्या डोक्यावरून गोलात चालला होता, आणि मनीषाने रेघेवरून तो बाहेर मारला. एकही गोल झाला नाही. पेनल्टीवर गेलं.

पेनल्टीत कविताने दोन अडवल्या. दुसरी अडवली तेव्हा ती उठलीच नाही, चेंडू पोटाखाली घेऊन तशीच पडून राहिली, आणि सगळ्या पोरी तिच्यावर जाऊन पडल्या. मी रडत होते. आम्ही जिंकलो होतो.

आणि तिथेच, गर्दीतून एक साठीचे गृहस्थ पुढे आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, तोंडभर हसू. मनीषाच्या सासरचे, तिचे चुलत सासरे. देवपुरात कामाला आले होते, ओरडा ऐकून मैदानावर थांबले होते. त्यांनी मनीषाकडे बोट केलं आणि आजूबाजूच्या लोकांना मोठ्याने, अभिमानाने सांगितलं, "हाई मनीषा ते आमना गावनी सून शे!"

धुळ्याच्या संघाच्या मॅनेजरबाई तीन पावलांवर होत्या. त्यांनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग मनीषाच्या पायांकडे, जिथे बूट काढल्यावर बोटांवर जोडव्यांचे पांढरे वळ दिसत होते, आणि मग माझ्याकडे. त्या वाईट बाई नाहीत. आम्ही एकाच रिफ्रेशर कोर्सला होतो. त्यांनी फक्त विचारलं, "ही नयना का?" मी म्हटलं, "बघते मी." हे उत्तर आहे का? पण तेच दिलं.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली, विद्यापीठात. कापूस तोवर दुसऱ्या वेचणीला आला होता. एका लांब व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघी, मी आणि कविता. मनीषा विद्यार्थिनी नव्हती म्हणून तिला बोलावलं नाही, नयना अजून अशक्त होती. बाकाच्या समोर सूचनाफलक, त्यावर विद्यापीठ संघाची तात्पुरती यादी, टाचणीने लावलेली. कविताचं नाव पहिलं. गोलकीपरचं नाव पहिलंच असतं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, मी बघत होते.

मला आधी बोलावलं. टेबलामागे तिघे. यादी समोर ठेवली. "अक्षर तुमचं?" मी म्हटलं, हो. अध्यक्ष सौम्यपणे बोलत होते, तेच जास्त अवघड होतं. "मॅडम, कधीकधी गडबडीत मागची यादी बघून तशीच उतरवली जाते. खेळायला उतरलेली मुलगी नयना नाही, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी बावीस वर्षं शिकवत होते. एकदाही मेमो नव्हता. मला वर्तमानपत्रातलं माझं नाव दिसलं, शेजारच्या बायका दिसल्या, माझ्या मुलीच्या सासरचे दिसले. भीती वाटली, बस. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही, आणि शोधलं तर तेही खोटंच असेल.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

बाहेर आले. कविता उठली, माझ्याकडे एकदा नीट बघितलं, ओढणी सारखी केली आणि आत गेली. पाच मिनिटंही झाली नसतील. परत आली तेव्हा म्हणाली, "झालं मॅडम, चला." बसमध्ये मी विचारलं, काय म्हणालीस. ती म्हणाली, "खरं सांगतलं." मला पुढचं विचारायचा धीर झाला नाही. घरी येऊन मी जेवले. जेवले हे मला आठवतं, कारण त्याचाच मला नंतर राग आला.

निकालाचं पत्र प्राचार्यांकडे आलं. विजेतेपद रद्द. कॉलेजच्या फुटबॉलवर, मुलींच्या आणि मुलांच्याही, तीन वर्षं बंदी. कर्णधाराला विद्यापीठाच्या कोणत्याही संघातून खेळता येणार नाही. आणि एक वाक्य, जे मला पाठ आहे: संघ व्यवस्थापकांना अंधारात ठेवून कर्णधाराने अपात्र खेळाडू उतरवल्याचे तिने स्वतः मान्य केले आहे. मला अंधारात ठेवून. प्राचार्य मला म्हणाले, "तुम्हाला विनाकारण मनस्ताप झाला." मी मान हलवली.

मुलांचा संघ तर या भानगडीत कुठेच नव्हता. त्यांचा कर्णधार मैदानावर येऊन बूट आपटून गेला, आणि कवितासमोर थुंकला. मनीषाचे ते चुलत सासरे एक दिवस कॉलेजात आले, टोपी हातात घेऊन. माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "मना तोंडनी चूक शे ही मॅडम. पोरीसनी नही." ज्या माणसाने नुसतं कौतुक केलं तो माफी मागत होता, आणि ती माफी मी घेत होते. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. नयना वर्षभर मैदानाच्या बाजूने जायची नाही, वर्गात मागच्या दाराने यायची. जणू ताप येणं हा गुन्हा होता.

बंदी म्हणजे काय, हे पत्र वाचून कळत नाही. ते मैदान बघून कळतं. आधी जाळ्या काढून कपाटात ठेवल्या. मग खांबांवर कॅन्टीनवाल्याची फडकी वाळायला लागली. मग परीक्षेच्या दिवसांत तिथे दुचाक्या लावायला लागले, नवरात्रात गरब्याचा सराव. नव्या मुली जूनमध्ये यायच्या, एखादीच्या बॅगेत बूट असायचे, ती क्रीडा विभागात विचारायची आणि सर सांगायचे, खो-खो खेळ. काही खो-खो खेळल्या. एक, जी शाळेत राज्यपातळीला खेळली होती, आठवड्यात दाखला घेऊन दुसऱ्या कॉलेजात गेली. तिसऱ्या वर्षी तर कुणी विचारलंच नाही, आणि मला तेच सगळ्यात वाईट वाटलं. गोलसमोरची जागा कायम उघडी असते. गोलकीपर तिथे उभी राहते, वळते, पडते, त्यामुळे तिथे मातीच दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात त्या जागेवर हरळी उगवली. मी तिला बोटांनी बाजूला करून बघितलं, खाली माती अजून घट्ट होती. वनस्पतिशास्त्राच्या बाईला हरळी उगवल्याचं दुःख व्हावं, हा माझ्या नोकरीतला एक विक्रमच म्हणायचा.

कविता बी.ए. झाली. आता ती पाइपांच्या कारखान्यात आहे. पाइपात दाबाने पाणी सोडतात आणि कुठे गळतं का ते बघायचं, हे तिचं काम. मला हे तिच्याच तोंडून कळलं, यंदाच, कारण सरांनी तिला बोलावून घेतलं. नव्या गोलकीपरला शिकवायला माणूस नव्हता. पहिली पाळी सुटली की ती स्कूटीवरून येते, कारखान्याच्या निळ्या शर्टातच. पाठीवर कारखान्याचं नाव आहे. पहिल्या दिवशी मी लांबून बघितलं आणि क्षणभर माझा घोटाळा झाला.

काल संध्याकाळी मी मैदानावर गेले. फॉर्म भरायची शेवटची मुदत आज. सोळा मुली रिंगण करून धावत होत्या, त्यातली एक थांबली, कानातले काढले आणि माझ्यासमोर हात केला. "मॅडम, हे ठेवा." मी ठेवले. पर्सची चेन लावली. मी सरळ कविताकडे गेले. ती नव्या मुलीला खांबापासून पावलं मोजायला शिकवत होती. मी म्हटलं, जरा बाजूला ये.

"कविता, मला त्या दिवशी माहीत होतं."

ती पायाखाली चेंडू मागे-पुढे करत राहिली. "मले माहीत व्हतं ना मॅडम. जोडवी तुमच्याजोळच व्हती."

"मग आत सांगितलं का नाहीस?"

तिने थोडा विचार केला. आठवायला लागतंय असं नाही, कसं सांगावं असा. "त्यायनी इचारलं, कोनाले माहीत व्हतं. कोनाचं तरी नाव घ्याच लागनार व्हतं. तुमी आतून आल्या तं तुमचं तोंड पाह्यलं मी. पांढरंफक. म्हटलं, मॅडमले नही जमलं." चेंडू तिने पायाने उचलून हातात घेतला. "एक जन गेलं म्हंजे झालं ना. तुमच्या बदली मी गेली."

तिने माझ्याकडे बघून हसून घेतलं, अगदी साधं, आणि म्हणाली, "आमच्याकडे चालते ते." मग ती गोलकडे गेली, आणि त्या नव्या मुलीला ओरडली की टाचेवर नको उभी राहू.

तिच्या आवाजात राग असता तर मी तो घेऊन घरी गेले असते, आणि कदाचित आणखी तीन वर्षं काढली असती. तिने मला टोळीत धरलं होतं. मी ओळीत नव्हते, म्हणून माझी सरी तिने वेचली.

आज सकाळी मी सोळाही मुलींना प्रयोगशाळेत बोलावलं, एकेक करून. फोटो हातात, मुलगी खिडकीच्या उजेडात. नाव विचारलं, आईचं नाव विचारलं, घरी बहीण आहे का तेही विचारलं. मुलींना हसू येत होतं. मग सही केली. त्यानंतर दुसरा कागद घेतला आणि समितीच्या अध्यक्षांना लिहिलं की त्या यादीतलं नाव मी जाणून लिहिलं होतं, मला कुणीही अंधारात ठेवलं नव्हतं, तीन वर्षांपूर्वीचा तो शेरा कर्णधाराच्या नावावरून काढून माझ्या नावावर लिहावा, आणि कारवाई फक्त माझ्यावर करावी. अक्षर तेच आहे, त्यांना जुळवून बघता येईल.

सरांनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, दार लावून घेतलं. "मॅडम, बंदी आत्ता कुठे संपलीय. हे उकरून काढलं आणि पुन्हा संघावर आलं तर? निदान स्पर्धा होऊ द्या." त्यांचं चुकीचं नव्हतं. बाहेर मैदानावर कॅन्टीनवाल्याची फडकी काढून कुणीतरी जाळी बांधत होतं. मी म्हटलं, स्पर्धा होऊ दे असं मी तीन वर्षांपूर्वीही म्हटलं होतं, मनातल्या मनात, जोडवी पर्समध्ये टाकताना. मुलींसोबत दुसऱ्या बाईंना न्या, मी इंग्रजीच्या मॅडमना विचारलंय, त्या तयार आहेत.

सरांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं, द्या इकडे. फॉर्म घेऊन शिपाई जातोच आहे विद्यापीठात, त्याच्या हाती देतो. तुम्ही उन्हाच्या कशाला जाता?"

मी कागदाची घडी घातली आणि पर्सच्या आतल्या, चेनच्या कप्प्यात ठेवली.

"नको सर," मी म्हटलं. "माझ्या बदली आता कुणी नको."